कमानपाटे बसले आहेत

जुनी मोटार विकणाऱ्याच्या तोंडी ‘स्पोर्ट मॉडेल’ हे शब्द आले, की मी इंजिनाचे झाकण उघडत नाही. आधी खाली वाकतो आणि गाडीचा तळ बघतो. रत्नागिरीत मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मी अठरा वर्षे काढली. त्यांतली शेवटची नऊ वर्षे गिऱ्हाइकांना जुन्या मोटारी तपासून देण्याचे काम करतो आहे. या नऊ वर्षांत हे दोन शब्द ऐकवून विकलेल्या तेवीस गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यांपैकी वेगाने धावण्यासाठी बनवलेल्या दोन. उरलेल्या एकवीस नुसत्या थकलेल्या होत्या.

हे सांगताना मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. दुधात पाणी घालणाऱ्याला दंड होतो. वजनात मारणाऱ्याचे वजन जप्त होते. पण खचलेल्या मोटारीला ऐटबाज म्हणणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. उलट तो बोलण्यात हुशार म्हणून त्याचे कौतुक होते.

बाहेरच्या माणसाला आमचे काम थोडे समजावून सांगतो. जुन्या मोटारीवर किती मैल झाले हे दाखवणारा आकडा मी बघतो, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. तो स्क्रूड्रायव्हरने मागे नेता येतो. क्लचच्या पायट्यावरचे रबर मात्र कोणी मागे नेत नाही. आकडा अठरा हजार सांगतो आणि रबर झिजून खालचे लोखंड चमकते, तर खरे बोलते ते रबर. मग छोट्या हातोडीने खालचा सांगाडा ठोकायचा. आपल्याकडे खारी हवा. रंग वर छान असतो आणि आत गंज खात असतो. चांगले लोखंड ठणकते, खाल्लेले भद्द वाजते. त्यानंतर इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापासून, म्हणजे आम्ही ज्याला चेंबर म्हणतो त्यापासून, जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. एकदा गाडी रिकामी असताना, एकदा चार माणसे आत घालून. अर्धा-पाऊण इंच फरक पडला तर ठीक. त्याहून जास्त पडला तर गाडी ज्यांवर तोलून असते ते पोलादी कमानपाटे दमले असे समजावे.

एवढे सगळे मोजून मी सांगतो, आणि गिऱ्हाईक काय करते? एका वकीलसाहेबांनी माझे सगळे ऐकून घेतले, गाडीत बसले, तीनदा भोंगा वाजवला आणि म्हणाले, “आवाज भारदस्त आहे, घेऊन टाकू.” घेतलीसुद्धा. त्या गाडीत भोंग्याखेरीज धड असे काही नव्हते.

पण वकीलसाहेबांचे काही अडले नाही. त्यांना दुसरी घेता आली. दाऊदभाईंची गोष्ट तशी नव्हती.

दाऊदभाई मिरकरवाड्याचे. बोटीवर इंजिनखोलीत तेलवाले म्हणून अकरा वर्षे काम केलेले. वय चाळिशीच्या आतबाहेर, बुटके, रुंद, ऐकताना मान एका बाजूला कलती करण्याची सवय. ते दोन महिन्यांच्या रजेवर आले तेव्हा थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, मना आता परत जहाजार जावचा नाय. अकरा वरसांत घरी किती दिस रवलो, तं मोजून सांगूं?”

त्यांनी खरोखर मोजले होते. चारशे साठ दिवस. धाकटी मुलगी त्यांना ‘ते’ म्हणत असे.

बेत असा होता, की एक जुनी मोटार घ्यायची आणि ती भाड्याने चालवायची. लग्नाची माणसे, गावातून इस्पितळात आणायचे आजारी, मुंबईच्या बोटीचे उतारू. म्हणजे चार माणसे आणि दोन ट्रंका मावल्या पाहिजेत, पेट्रोल बेताने खाल्ले पाहिजे. इथपर्यंत सरळ होते. पुढे ते जरा लाजून म्हणाले, “आणि भाऊ, धावली पायजे. इटलीच्या बंदरात मी गाड्या बघल्यात, बसक्या, जमिनीला पोट लावून जातात. वळणार अशा जातात, जशी मासली.”

“आपल्या रस्त्याला पोट लावून जाणारी गाडी पोट फाडून घेईल,” मी म्हणालो.

“पण भार खाली असला का वळणार घट्ट रवते. जहाजात पण भार तळालाच भरतात.”

हे त्यांचे अगदी बरोबर होते. मला बरेही वाटले. पण शिकलेल्या माणसाला अडाणी माणसाचे शहाणपण ऐकून जसे बरे वाटते, तसे ते बरे वाटणे होते. दाऊदभाईंना मराठी वाचता येत नव्हते. ते उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले होते. एवढ्यावरून मी त्यांच्याबद्दल काय ठरवून टाकले होते ते पुढे येईलच.

पंधरा दिवसांत आम्ही तीन गाड्या बघितल्या. पहिली एक अवजड अमेरिकन. आत सहा माणसे आरामात बसत, पण एका गॅलनला अकरा मैल. “हिला टाकी नको, तेलाची विहीर बांधून द्या,” दाऊदभाई म्हणाले. दुसरी दोन माणसांची, उघडी, लाल रंगाची. तिच्याभोवती ते तीन फेऱ्या फिरले. शेवटी मीच विचारले, “तुमच्या अम्मीला कुठे बसवणार?” ते हसले आणि निघाले.

तिसरी मोटार स्टँडजवळ अण्णाशेट नावाच्या दलालाकडे होती. दहा हॉर्सपॉवरची, दोन दारांची, चार माणसांची, मागे दुमडणारा कापडी टप. आम्हाला हवी तशीच. मैलांचा आकडा आणि पायट्याचे रबर यांत फारसे भांडण नव्हते. सांगाडा चौदा जागी ठोकला, तेरा जागी ठणकला. हातखंब्यापर्यंत नेऊन आणली. त्या वळणांवर दाऊदभाईंनी ती अशी घातली, की माझा हात आपोआप दाराकडे गेला. परत येताना ते मान एका बाजूला करून इंजिन ऐकत होते आणि गालांतल्या गालांत हसत होते.

गाडी बसकी होती खरी. अण्णाशेट खुर्चीतून न उठता म्हणाले, “मुळातच बसकी. स्पोर्ट मॉडेल आहे, दाऊदभाई! विलायतेत असल्या गाड्या शर्यतीला लावतात.”

मी खाली वाकलो. चेंबर ते जमीन आठ इंच हवे, भरले पावणेसहा. चार माणसे आत घातली, भरले साडेचार. गाडी मुळात बसकी नव्हती, बसली होती. पाटे आठ-दहा वर्षे ओझे वाहून सपाट झाले होते. पण बाकी माल इतका चांगला होता, की नवे पाटे घातले तर ती आठ इंचांवर उभी राहून वीस वर्षे चालली असती. माझे मत पक्के होते: पाटे दलालाने बदलून द्यावेत, मग गाडी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला केळशीला जायचे होते, तिथल्या भाताच्या गिरणीचे इंजिन अडले होते. तेव्हा संध्याकाळी कारखान्यात बसून मी दाऊदभाईंना चिठ्ठी लिहून दिली. माझ्या वहीत सगळे आकडे होते. पण गिऱ्हाइकाला आकडे देऊन काय उपयोग, त्याला सोपे शब्द द्यावेत, असा माझा नेम होता आणि मला त्याचा अभिमान होता. मी लिहिले: ‘इंजिन चांगले. टप चांगला. सांगाडा बरा. कमानपाटे बसले आहेत, ते पाहून घ्यावे.’ खाली सही. तोंडीही बोललो, “पाट्यांचं तेवढं आधी बघा.” त्यांनी मान हलवली.

केळशीचे काम लांबले. सहाव्या दिवशी परत आलो, तर कारखान्याच्या दारात दाऊदभाई बसलेले. सदऱ्याला छातीपासून खाली तेल लागलेले.

“गाडी घेतलंय,” ते म्हणाले. “आणि फोडलंय.”

झाले होते असे. ते चिठ्ठी घेऊन अण्णाशेटांकडे गेले. स्वतःला वाचता येत नाही, तेव्हा चिठ्ठी दलालापुढे धरून म्हणाले, तुम्हीच वाचा. आमच्याकडे यात काही वावगे नाही. कागद ज्याला वाचता येतो तो वाचतो. वाणी पत्र वाचून देतो, पोस्टमन मनिऑर्डरीचे कूपन वाचून देतो, आणि वाचणारा खोटे वाचेल असे कोणाच्या मनात येत नाही. अण्णाशेटांनी चष्मा लावला आणि वाचले: ‘इंजिन चांगले. टप चांगला. सांगाडा बरा. कमानपाटे बसवले आहेत, ते पाहून घ्यावे.’

एक ‘व’. एवढा एकच ‘व’ त्यांनी पदरचा घातला. मग पुढे म्हणाले, “बघून घ्या, सगळे पाटे नवे बसवलेले आहेत, तुमचे भाऊच लिहितात.” दाऊदभाईंनी वाकून बघितले. पाट्यांना काळा रंग लावलेला होता, चकचकीत. त्यांनी अकरा वर्षांची पुंजी तिथल्या तिथे मोजून दिली.

चौथ्या दिवशी अम्मी, बायको आणि दोघी मुली यांना घेऊन ते मालगुंडला सासुरवाडीला निघाले. चौदाव्या मैलावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमध्ये जांभ्याचा उंचवटा होता. दुसरी कुठलीही गाडी त्यावरून गेली असती. ही पोटावर आपटली. दाऊदभाईंनी तेलाच्या दाबाचा काटा पडताना बघितला आणि काटा तळाला जायच्या आत इंजिन बंद केले. दुसरा कोणी असता तर मैलभर तशीच हाकली असती आणि इंजिन कायमचे गेले असते. चेंबर फुटले, इंजिन वाचले. सत्तर वर्षांची अम्मी भर दुपारी चार तास रस्त्याच्या कडेला बसून होती. मग एक बैलगाडी मिळाली. माणसे गाडीवाल्याबरोबर पुढे गेली आणि मोटार दोन दिवसांनी बैल जोडून मागे आली.

“भाऊ, तुमी तं लिवलंव पाटे बसवलेत म्हणून.”

“मी असं लिहिलंच नाही!”

त्यांनी चिठ्ठी काढून दिली. मी ‘बसले’वर बोट ठेवले. मग माझे म्हणणे खरे आहे हे दाखवण्यासाठी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. आकडे मी इंग्रजीत लिहितो, कारण मापाच्या पट्ट्या आणि घड्याळे सगळी इंग्रजीत असतात.

दाऊदभाईंनी वही जवळ ओढली. बोट ओळीवरून सरकवत वाचू लागले. “एट... फाइव्ह अँड थ्री क्वार्टर... फोर अँड हाफ. फोर पीपल. हां चेंबर ना?” मग त्यांनी वर बघितले. “मी रोजचे रोज चौदा घड्यालं वाचायचो, भाऊ. दर तासाला लिवून चीफला द्यायचो. हां कागद मना कां नाय दिलंत?”

तुम्हाला आकडे कळणार नाहीत असे मी धरून चाललो होतो, हे तोंडावर कसे सांगणार? ते एक पान वाचायला त्यांना दुसऱ्याचे डोळे लागले नसते. मी मात्र त्यांना नेमका तो कागद दिला, जो त्यांना वाचता येत नव्हता आणि दलालाला येत होता. वर म्हणे सोपे शब्द.

माझ्या रागाला जागा पाहिजे होती. मी दाऊदभाईंना घेऊन तसाच अण्णाशेटांकडे गेलो. तिथे दहा-बारा माणसे चहा पीत होती. मी चिठ्ठी पुढे टाकली. “वाचा. मोठ्याने वाचा.”

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. “‘कमानपाटे बसले आहेत, ते पाहून घ्यावे.’ बरं?”

“त्या दिवशी काय वाचलंत?”

“हेच. ऐकणाऱ्यानं काय ऐकलं ते मला काय ठाऊक?”

“तुम्ही ‘बसवले’ म्हणालात,” दाऊदभाई म्हणाले.

“अहो, बसले काय नि बसवले काय! भाऊ, तुम्ही ब्राह्मणाची मुलं, तुम्हीच सांगा. चतुर्थीला आमच्या घरी गणपती बसले. म्हणजे काय गणपती खचले?”

सगळे हसले. चहावालाही हसला. अण्णाशेटांना तेवढ्याने जोर आला. “अंगरखा अंगाला बसला, म्हणजे फाटला का? हिशेब बसला, म्हणजे बुडाला का? तुम्हाला मोडलेत म्हणायचं होतं तर मोडलेत लिहायचं होतं. आम्ही आपलं सरळ मराठी वाचतो.”

तो लबाड माणूस भाषेपुरता बरोबर होता. घसा बसतो तेव्हा बिघडतो, आणि झाकण बसते तेव्हा नीट होते. हे मला पन्नास वर्षे बोलून ठाऊक नव्हते थोडेच? मी ‘सपाट झाले, बदलावेत’ असे लिहायला हवे होते. नाही लिहिले. पण म्हणून त्याचा ‘व’ माझ्या माथी का? त्याने तो ‘व’ चुकून वाचला नव्हता. पाट्यांना काळा रंग कोणी चुकून लावत नाही. आणि दलालापेक्षाही मला आजवर राग आहे तो त्या हसणाऱ्यांचा. एका माणसाची अकरा वर्षे रस्त्याच्या कडेला फुटून पडली होती आणि त्यांना कोटी आवडली.

निघताना दाऊदभाई एवढेच म्हणाले, “शेट, जहाजार चुकीचा आकडा वाचणाऱ्याला उतरवतात.” ते कोणी ऐकले नाही.

चेंबर आम्ही सांधले. पाटे लोहाराच्या भट्टीत लाल करून पुन्हा कमान दिली. गाडी साडेसात इंचांवर उभी राहिली. दाऊदभाई तीन दिवस भाडी करून आले. मोजली तर साडेसहा. आठवड्याने पावणेसहा. जुन्या पोलादात जीव उरला नव्हता. नवे पाटे मुंबईहून मागवावे लागणार होते, आणि त्या गाडीचे सुटे भाग परदेशातून येत. कधी येतील ते कोणी सांगेना. रजेचे नऊ दिवस उरले. घरात पुंजी नाही, गाडी चार माणसांचा भार घेत नाही. मी म्हणालो, थांबा, मी काही सोय करतो. ते म्हणाले, “तुमच्या सोयीवर मुली किती दिस जेवतील, भाऊ?” यात टोमणा नव्हता. साधा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचा आकडा नव्हता.

ते गेले. मी बंदरावर गेलो होतो. मचवा बोटीकडे निघाला तेव्हा धाकटीने आईला विचारले, “ते परत कदी येतील?” अजून ‘ते’च म्हणत होती.

पाटे सात महिन्यांनी आले. मी स्वतःच्या हाताने घातले, आणि त्या कामाला लावले तेवढे लक्ष अठरा वर्षांत कुठल्या कामाला लावले नसेल. गाडी बरोबर आठ इंचांवर आली. मग ती मिरकरवाड्याला त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. आठवड्यातून एकदा जाऊन इंजिन चालू करायचे, थोडी फिरवून आणायची, असा क्रम मी ठेवला.

असाच एकदा गेलो असताना त्यांच्या पत्नी फातिमाबी ओट्यावर पाकीट घेऊन उभ्या होत्या. वर एडनचे तिकीट होते. “त्यांचा कागद आयलाय, शेजारी वाचून घेतलाय,” त्या म्हणाल्या. “एकच विचारतायत. किती हाय?”

“आठ,” मी म्हणालो. “कळवा त्यांना, आठ इंच आहे. थांबा, मीच लिहून देतो.”

“नको.” त्यांनी हात पुढे केला. “पट्टी द्या.”

मी पोलादी पट्टी दिली. त्या ओट्यावरून उतरल्या, पदर खोचला, एक हात जमिनीला टेकून गाडीखाली वाकल्या आणि पट्टी चेंबरला लावून उभी केली. अंगठ्याने खूण धरून पट्टी बाहेर उजेडात आणली. आकडे त्यांना येत नव्हते. त्यांनी एकेका इंचावर बोट ठेवत मोजले, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“आठ नाय,” त्या म्हणाल्या. “पाव कमी हाय.”

मी वाकून बघितले. पाव इंच कमी होते. नवे पाटे सुरुवातीला तेवढे दबतातच, त्यात काही बिघाड नसतो. पण मी त्या दिवशी मोजले नव्हते. आठ हवे, म्हणून आठ म्हणालो होतो.

फातिमाबींनी माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली. पाकिटाच्या पाठीवर एकाखाली एक सात सारख्या रेघा ओढल्या. आठवी रेघ निम्म्याच्या थोडी पुढे नेली, पट्टीकडे एकदा बघितले, अजून जराशी ओढली आणि थांबवली.